पथ्यातलं प्रथमन

रावुण्णी नायरांना रागवायची बंदी होती. दिवसा झोपायची बंदी, वाऱ्याला बसायची बंदी, चुलीजवळ जायची बंदी, मोठ्यानं बोलायची बंदी; आणि एवढ्या बंद्या ऐकून माणसाला जो राग येणारच, त्याचीही बंदी.

"मग मी करायचं तरी काय?" त्यांनी वारस्यारम्मांना विचारलं होतं.

"बसायचं," वैद्यीणबाई म्हणाल्या. "बसता येतं ना तुला? का त्यालाही मेव्हण्याला पाठवतोस?"

म्हणून ते बसले होते. घराच्या पडवीत, डोक्याला उपरणं गुंडाळून, कानांत कापसाचे बोळे घालून. समोरच्या अंगणात शेजारच्या मुली फुलांची रांगोळी घालत होत्या. म्हणजे ओणम दारात आलेला. आणि तंकम, त्यांची बायको, पितळी वाटीत पेज घेऊन बाहेर येत होती.

"आज जरा घट्ट आहे हं," ती म्हणाली.

नायरांनी वाटी तिरकी केली. पेज पाण्यासारखी या काठावरून त्या काठावर गेली.

"ही घट्ट?"

"कालच्यापेक्षा घट्ट. काल नुसती निवळ होती."

"मीठ?"

"चिमूटभर."

"कोणाची चिमूट? चिमणीची?"

"अहो, आवाज."

नायरांनी आवाज गिळला आणि त्याच्यावर पेज गिळली.

निळा नावाच्या नदीच्या दोन्ही काठांवर असं घर सापडणं कठीण, जिथल्या लग्नात रावुण्णी नायरांनी चूल पेटवली नाही. मिसरूड फुटायच्या आत मामानं त्यांना हाताशी धरलं. मामा देवळाच्या मुदपाकखान्याचा मुख्य. त्यानं पहिल्या दिवशी भाच्याला एकच गोष्ट शिकवली, तीही कान पिळून. पोरानं सांबाराचा थेंब तळहातावर घेऊन चाटला होता. गणपतीचं पहिलं पान वाढून समोर समई लागल्याशिवाय या चुलीवरचं कोणी चाखत नाही; देवाच्या आधी आचाऱ्याची जीभ चालत नाही. मग मीठ कमी की जास्त हे कळणार कसं? मामानं पोराचं नाक चिमटीत धरलं. "हे कशाला दिलंय? जीभ लाचावते रे. नाक लाचावत नाही."

त्या नाकावर नायरांचं आयुष्य उभं राहिलं. वाफेत तोंड घालून ते सांगायचे, "हिंग रुसलाय," किंवा "गूळ अजून कच्चा बोलतोय." आणि तसंच असायचं. मामा गेला, चूल त्यांच्याकडे आली. ओणमच्या मुख्य दिवशी देवळात अख्खा गाव पानावर बसतो. त्या दिवशीचं अडाप्रथमन, म्हणजे गुळाच्या पाकात, नारळाच्या दुधात आणि तुपात शिजलेली तांदळाच्या पातळ पापुद्र्यांची खीर, नायरांच्या हातचं. बाकी भाज्या कोणीही चिरो.

पण प्रथमनला नुसतं नाक पुरत नाही, खांदाही लागतो. माणूस आत बसून अंघोळ करील एवढं पातेलं, आणि होडीच्या वल्ह्याएवढा कालथा. तो थांबला की तळ लागला. गेल्या ओणमला नायरांचा उजवा हात छातीच्या वर जाईना. त्यांनी कालथा वेलायुधनच्या हातात दिला. हा तंकमचा धाकटा भाऊ, वीस वर्षं त्यांच्या हाताखाली राबलेला. लोकांना नायर म्हणाले, "त्याला शिकवतोय." लोकांनी मान डोलावली. देवस्थान समितीच्या कुरुप मास्तरांनी मात्र डोलावली नाही.

"नायर," मास्तर नंतर म्हणाले, "हे एक वर्ष चालून गेलं. शहरातली केटरिंगवाली माणसं गॅसच्या शेगड्या घेऊन टपून बसलीत. समितीत मी एकटा किती जणांच्या तोंडाला लागू? पुढच्या ओणमचं प्रथमन तुमचं वाटलं पाहिजे. नाहीतर चूल जाईल."

म्हणून कर्किडकम महिन्यात नायर वारस्यारम्मांच्या पायरीवर जाऊन बसले. कर्किडकम म्हणजे ओणमच्या आधीचा, आचाऱ्यांचा रिकामा महिना. लग्न नाही, बारसं नाही, वास्तुशांत नाही. अंगाला तेल लावून घ्यावं, पोट धुऊन घ्यावं, नव्या वर्षाला नवं होऊन सामोरं जावं. गावात निम्मी माणसं हेच करतात.

चूक झाली ती इथेच. महिन्याच्या सुरुवातीलाच एका जुन्या यजमानांच्या घरी मयताच्या सोळाव्याचं जेवण निघालं आणि नायरांना नाही म्हणवेना. उपचार लांबणीवर पडला. तंकम म्हणाली, "आता पुढच्या वर्षी बघू." नायर म्हणाले, "खांदा पुढच्या वर्षाची वाट बघत बसणारे का?" आणि जितके दिवस उपचार तितकेच दिवस नंतरचं पथ्य, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल, ते नायर विसरले. पानं किती लागतील, नारळ किती फुटतील, याचा अंदाज ज्यांचा उभ्या जन्मात चुकला नाही, ते स्वतःच्या पोटाचे दिवस मोजायला विसरले. पथ्य सरळ ओणमच्या अंगावर जाऊन आदळलं.

पण उपचार सुरू झाला होता. रोज पहाटे उपाशीपोटी कडू औषधी तूप. आदल्या दिवशीपेक्षा दुसऱ्या दिवशी जास्त. शेवटी शेवटी पेला नुसता दिसला तरी पोटातलं सगळं घशाशी येऊन उभं राहायचं. मग शेक, मग रेच. रेचाच्या दिवसाबद्दल नायर काही बोलत नाहीत. मग पेजेची निवळ, मग पेज, मग मुगाचं कढण घातलेली पेज.

आणि एका सकाळी त्यांनी उपरणं काढायला हात वर केला, तर हात पडवीच्या वाशाला लागला. ते तसेच उभे राहिले, वाशाला धरून. तंकमला हाक मारली. तिनं बघितलं आणि पदर डोळ्यांना लावला.

"रडतेस काय? हात आला परत."

"अहो, म्हणूनच."

"मग आता ओणमला मी..."

"नाही," तंकम म्हणाली.

त्यांनी वारस्यारम्मांकडे जाऊन बघितलं. सत्तरी ओलांडलेल्या या बाईनं त्यांच्या मामालाही पेज पाजली होती.

"फक्त एक सकाळ," नायर म्हणाले. "एक सकाळ ढवळतो. मग तुम्ही म्हणाल तितकं बसतो."

"ओलं मडकं भट्टीत टाकतोस का तू?"

"मी मडकं नाही."

"सध्या आहेस. चुलीची धग लागली तर तो खांदा असा धरेल की पुढच्या जन्मी सुटेल. आणि आवाज खाली."

"मी हळूच बोलतोय."

"डोळ्यांनी ओरडतोयस."

बरीच हुज्जत घातल्यावर बाईंनी एवढंच कबूल केलं: मुदपाकखान्याच्या दाराबाहेर, धगीपासून लांब, बाकावर बसावं. कालथ्याला हात लावायचा नाही. बोलायचं नाही. बोटानं काय दाखवायचं ते दाखवावं.

"म्हणजे वेला ढवळणार आणि मी बोटं नाचवणार," घरी येताना नायर म्हणाले. "कथकली झाली ही."

"निदान रंग तरी फासावा लागणार नाही," तंकम म्हणाली.

ओणमच्या दिवशी उजाडताना नायर बाकावर जाऊन बसले. उपरणं, कापूस, सगळं जागच्या जागी. आत जाळ धडधडत होता. वेलायुधन उघड्या अंगानं घामानं निथळत पातेल्याच्या काठाशी उभा होता. गुळाचा पाक उकळायला लागला आणि वाफेचा पहिला लोट दाराबाहेर आला.

नायर बाकावरून जवळजवळ उठले.

इतका गूळ? त्यांच्या नाकात जणू कोणी ढेपच कोंबली होती. त्यांनी बोट हलवलं. नाही, नाही, बस.

वेलायुधन दाराशी आला. "दाजी, अजून एवढी परात राहिलीय. दरवर्षीचीच."

नायरांनी तळहात आडवा मारला. बस.

"दाजी, दरवर्षी..."

"वेला," नायर दबक्या आवाजात म्हणाले, "वीस वर्षं मी नाकानं सांगतोय आणि वीस वर्षं बरोबर निघतंय. आज कळायला लागलं तुला?"

"तसं नाही, दाजी."

"मग ठेव ती परात बाजूला."

वेलायुधननं परात बाजूला ठेवली. नारळाचं आधी पातळ, मग दाट दूध पडलं. मग तुपाची बरणी उघडली. तुपाचा वास दाराबाहेर आला तसा नायरांनी उपरण्यात तोंड लपवलं. पोटात कर्किडकमची पहाट उसळून आली. त्यांनी न बघताच बोटं मिटली. पुरे. बरणी अर्धीही रिती झाली नव्हती. सांबाराच्या वाफेतलं मीठ त्यांना घशाला झोंबलं, तेही थांबवलं. वेलायुधननं मिठाची वाटी खाली ठेवली. या चुलीवर चाखून बघायची सोय नव्हती. नाक एकाच माणसाचं चालायचं.

बाकावर बसल्या बसल्या नायरांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं असं काहीतरी वाटलं. वास इतके सुटे सुटे आजवर कधी कळले नव्हते. वेलदोडा वेगळा, सुंठ वेगळी, खोबऱ्याचा काप तळताना कडेला लागलेला एवढासा करपटपणाही वेगळा. त्यांना वाटलं, पोट धुतलं ते बरंच झालं. नाकही धुऊन निघालं.

गणपतीचं पान वाढलं, समई लागली. मग प्रसाद म्हणून केळीच्या पानाच्या एका तुकड्यावर चमचाभर प्रथमन त्यांच्यासमोर आलं. प्रसादाला पथ्य आड येत नाही, एवढं वारस्यारम्माही मानतात. नायरांनी ते जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले. गूळ होता, पण हात जोडून बाजूला उभा होता. दूध होतं. तांदूळ होता, तांदळालाही चव असते हे ते विसरून गेले होते. अशी खीर त्यांच्या हातून कधी झाली नव्हती.

पंगती बसल्या. नायर खांबाआडून बघत राहिले. वाढपी प्रथमनची बादली घेऊन एकदा फिरला. दुसऱ्यांदा निघाला तर पानापानावर हात आडवे होत होते. पुरे, पुरे. दरवर्षी या वेळी वाढप्याच्या धोतराला धरून लोक त्याला थांबवतात. एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, तेही कुजबुजत नव्हे, "कोणी आजारी आहे का घरात?" शेजारी म्हणाला, "नायरच आहेत. पथ्यातलं प्रथमन दिसतंय." आणि दोघंही पोटभर हसले. सांबारात लोक मीठ मागत होते. ओणमच्या पंगतीत मीठ.

भरलेली बादली परत आली तेव्हा नायरांनी वेलायुधनला दाराआड ओढलं.

"काय केलंस तू?"

"तुम्ही सांगितलंत तेच केलं."

"मी चाखलंय. अमृत झालंय."

"दाजी, मीही चाखलंय." वेलायुधननं मान खाली घातली. "गरम पाणी झालंय, गोडसर."

"तुझी जीभ मेलीय."

"माझी मेली असेल. पण पाचशे जणांची एकदम मरते का?"

नायरांचा हात उठला. उजवा, चांगला, खांद्याच्या वर सहज गेलेला. तो हात बघून दोघंही क्षणभर थांबले. मग नायरांनी तो खाली घेतला आणि घरी चालत गेले.

दुसऱ्या दिवशी कुरुप मास्तर आले. चहा घेतला नाही, हे वाईट चिन्ह. "तुम्ही विश्रांती घ्या, नायर," ते म्हणाले. विश्रांती हा शब्द त्यांनी तीनदा वापरला. "समितीची बैठक आहे. मी सांगेन, तब्येत बरी नव्हती म्हणून. पण ऐकतील असं वाटत नाही."

"मास्तर, प्रथमन चांगलं झालं होतं."

मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं आणि चपला पायांत सरकवल्या.

नायरांनी पडवीत येऊन हुकूम सोडला. "तंकम, तुझ्या पानातलं आण. तू जेवतेस ते. नेहमीचंच."

"पथ्य आहे."

"जेवत नाही. जिभेला लावतो."

तिनं वाटीत थोडी कुळथाची आमटी आणली. नायरांनी बोट बुडवून जिभेला लावलं, आणि तोंड वाकडं करून अंगणात थुंकले. "मीठ किती घालतेस? जाळायचंय का माणसाला?"

तंकम वाटी हातात घेऊन उभी राहिली. मग म्हणाली, "लग्न झाल्यापासून हीच आमटी खाताय. गेल्या महिन्यापर्यंत वर लोणचं मागायचात."

नायर पायरीवर बसले. मग उठून त्यांनी वारस्यारम्मांच्या घरची वाट धरली.

वारस्यारम्मांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसल्या, हे त्यांचं चुकलंच. "अरे, जिभेवरचा गंज गेला. लोक त्यासाठी माझ्याकडे येतात, आणि तू रडतोस?"

"माझं पोट त्या गंजावर चालायचं," नायर म्हणाले. "गावाच्या जिभेवर जेवढा गंज, तेवढाच माझ्या नाकावर हवा. आता मी यांच्यासाठी काय शिजवू? गंज परत चढेल का ते सांगा."

"चढेल की. तिखट खा, आंबट खा, लोणची ओरप, तळलेलं खा. दोनेक महिन्यांत होशील पूर्वीसारखा."

नायरांचा चेहरा उजळला.

"आणि खांदाही होईल पूर्वीसारखा," बाई म्हणाल्या. "तो कशानं धरला होता असं वाटलं तुला? वाऱ्यानं?"

"म्हणजे हात ठेवायचा तर नाक जाणार आणि नाक ठेवायचं तर हात."

"रागवू नकोस."

"रागावलो नाही," नायर म्हणाले. त्यांच्या कपाळाची शीर तटतटली होती. "बाई, आधी का नाही सांगितलंत?"

"तू खांद्याचं विचारलंस. नाकाचं कोणी विचारलं?"

पथ्य संपल्यावर त्यांनी एकदा प्रयत्न करून बघितला. तंकम नदीवर गेली होती. कोठीच्या खोलीत शिरून त्यांनी कैरीच्या लोणच्याची बरणी उघडली आणि एक फोड तोंडात टाकली. डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून आलं, ठसका लागला. फोड काही घशाखाली गेली नाही. ज्या जिभेनं पन्नास वर्षं हेच खाल्लं, ती आता लहान मुलासारखी तोंड फिरवून बसली होती. त्यांनी बरणीला एक सणसणीत शिवी घातली. तंकम परत आली तेव्हा ते पडवीत बसून मुकाट मुगाचं कढण पीत होते. तिला कळलं, कारण फोड अंगणात पडली होती. ती पायानं बाजूला सारून तंकम आत गेली.

समितीनं शहरातल्या माणसांना बोलावलं होतं. विजयादशमीच्या गुळाच्या पायसापासून गॅसच्या शेगड्या लागणार, असं ठरत आलं होतं. बैठकीच्या सकाळी नायर कुरुप मास्तरांच्या दारात उभे राहिले.

"चूल वेलायुधनला द्या," ते म्हणाले.

मास्तर चक्रावले. "आणि तुम्ही?"

"मी ढवळीन. त्याच्या हाताखाली."

"नायर, वीस वर्षं तो तुमच्या..."

"माहीत आहे. मीच होतो तिथे." आवाज चढला, आता चढायला हरकत नव्हती, तरी त्यांनीच तो उतरवला. "त्याचं नाक लोकांसारखं आहे, मास्तर. माझं राहिलं नाही. माझा हात तेवढा आहे. शहरातली माणसं आणायचीच असतील तर आणा, पण मग मामाच्या चुलीवर गॅस ठेवताना मला बोलावू नका."

समिती एवढी एक विजयादशमी बघायला तयार झाली. वेलायुधनला हे सांगितलं तेव्हा त्यानं हात जोडले. मग म्हणाला, "दाजी, मला जमणार नाही. तुम्हाला मी कसं सांगू, हे घाला, ते घाला?"

"तोंडानं सांग. मला बोटं नाचवायला लावली तशी तू नाचवू नकोस, म्हणजे झालं."

विजयादशमीच्या पहाटे जाळ लागला. नायर पातेल्याच्या काठाशी उभे राहिले, कालथा हातात घेतला आणि ढवळायला लागले. खांदा फिरला, पूर्ण, काठापासून काठापर्यंत, तरुणपणी फिरायचा तसा. तळाला काही लागत नव्हतं. त्यांना त्याचा आनंद व्हायला हवा होता. पण वाफ तोंडावर येत होती आणि ती वाफ नुसता गूळ होती, डोळ्यांत पाणी आणणारा, माणसाला लोटून देणारा गूळ.

वेलायुधन परात घेऊन आला. त्यानं वाफेत तोंड घातलं, हुंगलं, भुवया आखडल्या.

"अजून लागेल, दाजी."

नायरांनी त्याच्याकडे बघितलं. कालथा क्षणभर थांबला.

"थांबू नका, तळ लागेल," वेलायुधन म्हणाला, आणि म्हटल्यावर स्वतःच दचकला.

नायर पुन्हा ढवळायला लागले.

"किती?"

"अख्खी परात."

"आत्ताच डोळे जळतायत माझे."

"मला कळतंय, दाजी."

"नाही कळत तुला," रावुण्णी नायर म्हणाले. "ओत."